कायदा राहतो कुठे?

इंदूरच्या वायव्येला, विमानतळ मागे टाकून वीसेक किलोमीटर गेले की हातोद लागते. गोव्याच्या माणसाला तिथे पहिल्यांदा काय जाणवत असेल तर सपाटी. डोंगर नाही, खाडी नाही, माड नाही. नजर पोचेल तिथवर काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा आणि लसूण. माझ्या मावशीचे घर तिथे आहे. काकांच्या घराण्याकडे गावातल्या एका लहानशा विठ्ठलमंदिराची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि देवाच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेली काही बिघे माफीची जमीन.

डिसेंबर २०२३ मध्ये मी गेलो तेव्हा घरात एकच विषय होता. इंदूर शहर वाढत वाढत हातोदच्या अंगाला येऊन भिडले आहे आणि जमिनीच्या भावांनी सगळ्यांचीच डोकी फिरवली आहेत. एक गृहस्थ काकांकडे बयाना घेऊन आले होते. आपण ज्याला विसार म्हणतो, तो तिकडचा बयाना. त्यांचे म्हणणे असे, की कलम १५८ खाली तुम्ही या जमिनीचे भूमिस्वामी आहात, सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे, तेव्हा निर्धास्तपणे सही करा. पुरावा म्हणून त्यांनी इंग्रजीतली चार झेरॉक्स पाने दिली होती. पूर्ण निकाल पाहिजे असेल तर कोर्टाजवळचा एक टायपिस्ट काढून देईल, पण त्याचे पैसे पडतील, असेही सांगून ठेवले होते. ते पैसे काकांनी दिलेही होते. निकाल मात्र आला नव्हता.

काका मला म्हणाले, "तू लिहिणारा माणूस आहेस. एवढं वाचून सांग, यात काय लिहिलंय."

ती चार पाने हातात घेतली आणि मला माझे आजोबा आठवले.

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात पोर्तुगीज भाषेतले कागद. आजोबा मराठी शाळेत शिकलेले, मोडी भराभर वाचणारे, पण पोर्तुगीज त्यांना येत नसे. देवस्थानच्या महाजनकीचा काही तंटा निघाला की ते ही पेटी काखेत मारून पणजीला एका वकिलाकडे जात. वकील कागद वाचून सांगत. ते सांगतील तो कायदा. आजोबा परत येताना खुशीत असोत वा चिंतेत, कागदात खरे काय लिहिले आहे हे त्यांना शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी कळले नाही.

गोव्यात कायदा लिहिलेला नव्हता असे मुळीच नाही. उलट फार लवकर लिहिला गेला. गांवकरीचे रीतिरिवाज १५२६ मध्येच अफोंसो मेशिया यांच्या 'फोराल'मध्ये नोंदले गेले. १८३७ पासून सरकारी 'बोलेटी' छापली जाऊ लागली आणि हुकूम, नेमणुका, कायदे तिच्यात येऊ लागले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आपल्याकडे लागू झाली. १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता आली. १९३३ मध्ये देवस्थानांचे रेग्युलामेंतु आले, ज्यावर आजही आपल्या महाजनांचा कारभार चालतो. म्हणजे ज्या कायद्याने आमचे लग्न, वारसा, देऊळ आणि शेत बांधलेले होते, तो छापील होता, सरकारी होता, जाहीर होता. फक्त ज्यांच्यासाठी होता त्यातल्या बहुतेकांना तो वाचता येत नव्हता. जाहीर असणे आणि हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोमंतकीयाला वेगळे शिकवावे लागत नाही.

होळकरांच्या माळव्यात गोष्ट निराळी होती. अहिल्याबाईंच्या काळात (राज्यकाल १७६७ ते १७९५) कायदा शोधायला ग्रंथ उघडायचा नसे, महेश्वरला जायचे असे. बाई रोज दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, असे जॉन माल्कमने १८२३ मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. निवाडे, सनदा आणि इनामपत्रे मोडीत लिहिली जात आणि दफ्तरात जात. ज्याला इनाम मिळाले त्याच्या घरी सनद, बाकी सगळे दफ्तरदाराच्या हाती. राणी न्यायी असेल तोवर ही पद्धत फार चांगली. पण न्याय माणसात राहिला की माणूस गेल्यावर लोकांना दफ्तरदाराच्या दारात उभे राहावे लागते.

मग छापखाने आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७५ मध्ये लॉ रिपोर्ट्सचा कायदा झाला आणि १८७६ पासून कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि अलाहाबाद हायकोर्टांचे निवडक निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' या मालिकेत छापले जाऊ लागले. खाजगी प्रकाशकही पुढे सरसावले. मराठी वाचकाने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट इथे आहे. देशातल्या वकिलांच्या तोंडी जो 'ए.आय.आर.' असतो, तो 'ऑल इंडिया रिपोर्टर' नागपूरचा. व्ही. व्ही. चितळे यांनी उभा केलेला. त्याचे निकाल १९१४ सालापासून मोजले जातात. कन्याकुमारीचा वकील काश्मीरच्या निकालाचा दाखला देताना नागपुरात छापलेल्या पानाचा क्रमांक सांगतो, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या वैभवाची दुसरी बाजू अशी, की कायदा आता कपाटात राहायला गेला. वकिलाच्या खोलीत गेल्यावर त्याच्या मागे जी लाल-काळ्या बांधणीची रांग दिसते, ती त्याची विद्या तर असतेच, पण भांडवलही असते. तालुक्याच्या नव्या वकिलाला ती परवडत नाही. पक्षकाराला तर तिच्यात काय आहे हे विचारण्याचीही सोय नसते. न्यायाधीशाचा पगार जनतेच्या पैशातून, कोर्टाची इमारत जनतेच्या पैशातून, आणि त्यातून निघालेला निकाल वाचायचा तर पुस्तक विकत घ्या!

या विसंगतीवर जगात फार पूर्वीच बोट ठेवले गेले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३४ मध्येच, व्हीटन विरुद्ध पीटर्स या खटल्यात, न्यायमूर्तींच्या निकालांवर कोणाही वृत्तांतकाराचा मालकी हक्क असू शकत नाही असे म्हटले होते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये तशीच तरतूद आहे. कोर्टाने मनाई केली नसेल तर निकाल कोणीही पुन्हा छापावा. तरी प्रत्यक्षात प्रश्न उभा राहिलाच. निकाल सरकारचा, पण प्रकाशकाने त्याला परिच्छेदांचे आकडे घातले, चुका दुरुस्त केल्या, वर सारांश लिहिला. मग ते पान कोणाचे?

सीडी आल्या तेव्हा हा वाद पेटला. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने, म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस'च्या प्रकाशकाने, निकालांच्या सीडी विकणाऱ्या दोन कंपन्यांवर दावा लावला. तो 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या नावाने ओळखला जातो. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांनी, जे जबलपूरचे, म्हणजे काकांसारखेच मध्य प्रदेशातले मराठी. त्यांनी नीट वाटणी करून दिली. निकालाचा मजकूर सर्वांचा. संपादकाने स्वतःची बुद्धी आणि पारख लावून जे घातले, म्हणजे सारांश, टिपा, परिच्छेदांची मांडणी, कोणता न्यायाधीश कुठे सहमत आणि कुठे नाही याची नोंद, तेवढेच त्याचे. नुसत्या स्वल्पविरामाच्या दुरुस्तीने मालकी येत नाही.

या निकालानंतर महिनाही लोटला नव्हता. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात संगणकशास्त्राचे संशोधन करणाऱ्या सुशांत सिन्हा या तरुणाने 'इंडियन कानून' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. सरकारच्या राष्ट्रीय सूचना केंद्राने निकाल इंटरनेटवर ठेवायला त्याआधीच सुरुवात केली होती, पण त्यातून नेमका निकाल काढणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई. सिन्हांनी कायद्याची कलमे आणि निकाल एकमेकांना जोडून दिले. एखादे कलम उघडा, त्यावरचे निकाल खाली. तेही फुकट. कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये जे घडले होते, ते आपल्याकडे एका माणसाच्या फावल्या वेळातून सुरू झाले.

पुढे सरकारी दारेही उघडली. ई-कोर्ट्स प्रकल्पाने जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा आणि आदेश दिसू लागले. 'इंडिया कोड'वर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे दुरुस्त्यांसह आले. २ जानेवारी २०२३ रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निकाल ई-एससीआर म्हणून सर्वांना मोफत खुले केले. सुरुवातीलाच सुमारे ३४,००० निकाल. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनापासून, काही निकालांची भारतीय भाषांतली भाषांतरेही येऊ लागली. त्याच वर्षी निकालाला कोणत्याही प्रकाशकाच्या पानावर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमांक मिळू लागला. ज्या पानाच्या आकड्यासाठी वकिलाला पुस्तक विकत घ्यावे लागे, तो आकडा आता निकाल जन्मतःच घेऊन येतो.

हे सगळे मला साधारण ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि हातोदच्या ओसरीवर, रात्री नऊ वाजता, काका समोर बसलेले असताना त्याचा उपयोग होणे वेगळे.

मावशीची नात कॉलेजात जाते. तिच्या फोनवर आम्ही आधी मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता, १९५९ उघडली आणि कलम १५८ काढले. हे कलम म्हणजे माळव्याचा छोटा इतिहासच आहे. १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि लहानमोठी संस्थाने मिळून मध्य भारत झाला. त्याचा जमिनीचा कायदा विक्रम संवताच्या नावाने आहे : 'मध्य भारत लँड रेव्हेन्यू अँड टेनन्सी ॲक्ट, संवत २००७'. पुढे १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, आणि १९५९ च्या संहितेने सांगितले की मध्य भारत प्रदेशात जे पक्के कृषक होते, आणि जे माफीदार, इनामदार म्हणून जमीन धरून होते, ते आता भूमिस्वामी. काकांचा जीव या एका ओळीवर होता. "बघ, माफीदार लिहिलंय. आम्ही माफीदारच ना?"

मग ती झेरॉक्स. पहिल्या पानावर खटल्याचे नाव अर्धवट दिसत होते. ते टाकल्यावर पूर्ण निकाल अर्ध्या मिनिटात समोर आला. 'मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पुजारी उत्थान एवं कल्याण समिती', ६ सप्टेंबर २०२१. मी वाचू लागलो. काकांच्या हातातली चार पाने निकालाच्या पहिल्या भागातली होती. त्यात पुजाऱ्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. आम्हाला भूमिस्वामीचे हक्क मिळालेले आहेत आणि ते सरकारी परिपत्रकाने काढून घेता येणार नाहीत, असे. वकिलाचा युक्तिवाद आणि न्यायालयाचा निर्णय एकाच अक्षरात, एकाच कागदावर छापलेले असतात. फक्त पाने वेगळी. आणि नेमकी निर्णयाची पाने काकांना कोणी दिली नव्हती.

पुढे न्यायालय म्हणते ते थोडक्यात असे. जमिनीचा मालक देव, कारण कायद्याच्या दृष्टीने देव ही व्यक्ती आहे. पुजारी हा देवाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा. त्याने पूजाअर्चा आणि व्यवस्था नीट केली नाही तर ते काम त्याच्याकडून काढून घेता येते. तो भूमिस्वामी नाही. मालकाच्या रकान्यात फक्त देवाचे नाव हवे, आणि कब्जाच्या रकान्यातही पुजाऱ्याचे नाव घालण्याची गरज नाही. पुजाऱ्यांची नावे नोंदीतून काढण्यासाठी शासनाने १९९४ आणि २००८ मध्ये परिपत्रके काढली होती, ती देवाच्या जमिनी परस्पर विकल्या जाऊ नयेत म्हणूनच.

मी थांबलो. काका काही बोलले नाहीत. मावशी आत निघून गेली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चार पिढ्या दिवा लावतोय. खसऱ्यात नाव होतं. तेही नको म्हणतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कायदा हाती आला म्हणजे तो आपल्या बाजूचाच निघेल असे थोडेच असते? आजोबांच्या वकिलाने कदाचित ही वाईट बातमी गोड करून सांगितली असती, आणि आजोबा समाधानाने झोपले असते. पण काकांनी सही केली असती तर विकण्याचा अधिकार नसलेली जमीन विकल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता, घेतलेले पैसे परत करण्याची पाळी आली असती, आणि बयाना देणारे गृहस्थ त्या वेळी ओळख दाखवतील याची खात्री नव्हती.

त्याच निकालात आणखी एक वाक्य होते आणि ते काकांना मी दोनदा वाचून दाखवले. जे मंदिर शासनाच्या मालकीचे झालेले नाही, त्याच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचे नाव घालता येणार नाही. कारण कलेक्टर हा सगळ्याच देवळांचा व्यवस्थापक होऊ शकत नाही. म्हणजे देवाची जमीन पुजाऱ्याची नाही, तशी आपोआप सरकारचीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर काकांनी बयान्याची रक्कम मोजून पिशवीत घातली आणि परत करून आले. संध्याकाळी आम्ही भूलेखवर त्या जमिनीचा खसरा पाहिला. आपल्या गोव्यात एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रात सातबारा, तिकडे खसरा आणि खतौनी. नाव बदलले तरी माणूस तो कागद त्याच धडधडत्या छातीने उघडतो. मग तहसीलदारांच्या नावे एक अर्ज तयार केला. मालक म्हणून देवाचेच नाव राहावे आणि निकालाप्रमाणे दुसरे कोणाचे नाव चढवले जाऊ नये, एवढीच मागणी. काका अर्ज स्वतः लिहायला बसले. हिंदीत, सुवाच्य अक्षरात. निकालाची तारीख त्यांनी लाल शाईने लिहिली.

त्या मुक्कामात मी त्यांना आणखी एक निकाल दाखवला, तो खासगी ट्रस्टचा. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली. तिच्या उत्पन्नातून पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या. संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी ट्रस्ट झाला. यादीत २४६ मालमत्ता. त्यातल्या हरिद्वारच्या एका घाटावरच्या मालमत्तेच्या विक्रीवरून वाद झाला, आणि २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा सार्वजनिक ट्रस्ट आहे आणि मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे रजिस्ट्रारच्या परवानगीशिवाय त्याची मालमत्ता विकता येत नाही. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी. काकांनी तो इतिहासाच्या पुस्तकासारखा ऐकला. म्हणाले, "म्हणजे बाईंच्या वारसांनासुद्धा विचारावं लागतं!" त्यात त्यांना बरे वाटले असावे.

वाचकांपैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो. आधी कायदा वाचावा, मग निकाल. कायदा इंडिया कोडवर पाहावा आणि तो आज लागू आहे ना याची खात्री करावी. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, पण जुन्या निकालांत जुनीच कलमे असणार. निकाल शोधताना कायद्याचे नाव आणि कलमाचा आकडा एकत्र टाकावा. निकाल सापडला की मधली पाने सोडून आधी शेवट वाचावा, म्हणजे युक्तिवाद कुठला आणि निर्णय कुठला याची गल्लत होत नाही. पुढच्या एखाद्या निकालाने तो फिरवला तर नाही, हे पाहावे. भाषांतर समजून घेण्यासाठी चांगले, कोर्टात दाखवायला मूळच लागते. आणि एवढे करूनही वकिलाकडे जावेच. मात्र जाताना काय विचारायचे ते ठरवून जावे. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे अनेकांना माहीतच नसते.

गोव्याला परतल्यावर मी माळ्यावरची पेटी खाली काढली. पोर्तुगीज नागरी संहितेचे इंग्रजी भाषांतर गोवा सरकारने २०१८ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केले. संहिता लागू झाल्यापासून एकशे अठ्ठेचाळीस वर्षांनी. ते भाषांतर एका बाजूला आणि आजोबांचे कागद दुसऱ्या बाजूला ठेवून मी थोडेथोडे लावत बसलो आहे. शब्दकोश घ्यावा लागतो, वेळ लागतो. एका कागदावर आजोबांची मोडी सही आहे आणि तिच्या वर पोर्तुगीजमध्ये लिहिले आहे, की हा मजकूर सही करणाऱ्याला वाचून दाखवला व समजावून सांगितला.

हातोदहून परवा फोन आला होता. अर्ज दाखल झाला आहे, तारखा पडताहेत. पुढची तारीख कोणती ते काकांना आता कोणाला विचारावे लागत नाही. नातीने त्यांना फोनवर बघायला शिकवले आहे.